सगळं टाकून द्या

सकाळी ९.३०

नारायण पेठेतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर 'विक्री व दुरुस्ती' असं लिहिलंय. विक्री केव्हाच ऑनलाइनवाल्यांनी नेली. उरली ती दुरुस्ती. आजचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मुलगा आणि त्याचे वडील. लॅपटॉप डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला. स्वस्त पडला म्हणून घेतलेला.

"विंडोज, ऑफिस, ऑटोकॅड, फोटोशॉप, सगळं टाकून द्या. टाकायचे किती घेता?"

त्यांच्या हिशेबात पैसे लागतात ते माझ्या हातांना. लॅपटॉप विकत घेतला, आता त्यात भरणं हे भरणाऱ्याचं काम. या गृहस्थांनी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नसेल, भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले तर परत करणारा माणूस. सॉफ्टवेअर मात्र त्यांना कधी कुणी विकलेलंच नाही, तर चोरलं असं त्यांना वाटणार कसं?

मी मुलाला सांगितलं, ऑटोकॅड विद्यार्थ्यांना कंपनीच फुकट देते, विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की झालं. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस चालेल. विंडोजला पैसे पडतील. मुलगा म्हणाला, "सीनियर म्हणतात क्रॅकच बरा, दहा मिनिटांत होतो." म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच. हॉस्टेलवर पेनड्राइव्ह फिरतो, त्यात सगळं असतं. अर्ज कोण भरत बसणार? वडील "विचार करून येतो" म्हणाले. पेठेत माझ्यासारखी दुकानं बरीच आहेत आणि क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली नक्कल, टाकून देणारीही बरीच. मी टाकत नाही, कारण अशी मशीन महिन्याभरात परत येते आणि तेव्हा दोष सॉफ्टवेअरला नाही, मला लागतो. नीतीचा विचार त्यानंतरचा.

१०.४५

टॅक्स कन्सल्टंटकडे प्रिंटर. इथे हिशेबाचं सॉफ्टवेअर अस्सल आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि त्यानंतर नियम बदलतच राहिले. प्रत्येक बदलासाठी अपडेट हवा, आणि क्रॅकला अपडेट मिळत नाही. त्याआधी हेच सर क्रॅकवर होते. त्यांचं मन पालटलं नाही, रिटर्न अडकायला लागले. लोक अस्सल सॉफ्टवेअर घेतात त्याची कारणं बहुधा इतकीच साधी असतात.

दुपारी १२.१५

डीटीपीवाल्या ताईंचा फोन: "दादा, आत्ताच्या आत्ता या." दिवाळी अंकांचे दिवस. या काळात ताई दुपारचं जेवण टेबलावरच उरकतात आणि लेखकांच्या हस्ताक्षरावर बोलतात ते छापण्याजोगं नसतं.

त्यांच्याकडे पेजमेकर 7 आहे. ते 2001 सालचं. बनवणाऱ्या कंपनीने कधीच सोडून दिलं, पुढे इनडिझाइनला लागली. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, आणि ताईंच्या प्रकाशकांची वीस वर्षांची पुस्तकं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. ती युनिकोडमध्ये तशीच उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पाच ओळी दुरुस्त करून पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची तर जुनीच फाइल, जुनाच फॉन्ट, जुनंच पेजमेकर. नवं सॉफ्टवेअर विकत घेऊन हे सुटत नाही.

आजचं दुखणं फॉन्टचं. फॉन्टचं पॅकेज त्यांनी तेव्हा रोख पैसे मोजून घेतलं होतं, पावती अजून फायलीत आहे. त्याच्यासोबत डोंगल आलं होतं, म्हणजे पॅकेज उघडायची किल्लीच. ते पीसीच्या मागच्या जाड पोर्टला लावायचं. जुना पीसी जळला, नव्या पीसीला तसलं पोर्टच नाही. कंपनी म्हणाली नवी आवृत्ती घ्या. नव्या आवृत्तीत जुन्या फाइलींची जोडाक्षरं हलली. शेवटी कुणीतरी त्याच पॅकेजचा क्रॅक दिला, आणि ज्याचे पैसे दिलेत तेच ताई चोरून वापरू लागल्या. आता विंडोजने तो क्रॅक व्हायरस म्हणून उडवला.

कॉपीराइट कायद्यात कलम 52 आहे. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवायला ते मुभा देतं. पण ताईंना राखीव प्रत नको, कुलूप उघडायला हवं. मी कपाटातून एक जुना पीसी काढला, मागे जाड पोर्ट असलेला. डोंगल चालू झालं. क्रॅकची गरज संपली, निदान हा पीसी जळेपर्यंत. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी त्यांना अडकलेलं गिऱ्हाईक म्हणतो.

२.००

डबा उघडला आणि प्रकाशककाका आले. त्यांच्या एका चालत्या पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर फिरतेय. "कोणी टाकली शोधून दे. वाचकांना लाज नाही राहिली. लेखकाने तीन वर्षं घासून लिहिलं!" काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं. मराठीत हजाराची आवृत्ती संपली तरी पेढे वाटतात; त्यातले दोन-तीनशे वाचक पीडीएफवर गेले तर पुढचं पुस्तक कशातून काढायचं?

त्यांच्या ऑफिसातले पीसी मीच बघतो. चारांपैकी तीन पीसींच्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' असं फिकट अक्षरांत कायमचं छापलेलं असतं.

मी विषय काढला. काका म्हणाले, "अरे, त्या कंपनीला काय फरक पडतो?"

यात काकांपेक्षा कंपनीच जास्त जाणती आहे. बिल गेट्सने 1976 मध्ये हौशी कॉम्प्युटरवाल्यांना खुलं पत्र लिहिलं होतं. अल्टेअर या कॉम्प्युटरसाठी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बेसिक भाषेची आवृत्ती बनवली होती. अल्टेअर घेणाऱ्यांतल्या दहा टक्क्यांनीही ती विकत घेतली नव्हती. मिळालेल्या पैशांत बनवणाऱ्यांच्या तासाला दोन डॉलरही पडत नव्हते. पत्रात त्याने सरळ चोरी म्हटलं. पुढे 1998 मध्ये, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाल्यावर, चीनबद्दल बोलताना तोच म्हणाला, चोरायचंच असेल तर आमचंच चोरावं, सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढे बघू. माणूस तोच. पहिल्या वेळी त्याचं दुकान लहान होतं.

काकांना मी कॉपीराइट कायद्याचं कलम 63 ब सांगितलं: नक्कल आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, धंद्यासाठी वापरलं नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. काकांचा तर धंदाच. ते म्हणाले, "मला भीती घालतोस?" मी म्हटलं, "नाही काका, टेलिग्रामवाल्याला घालायची तर आधी आपल्या घरात बघू." काका उठले. चहा न घेता उठले, म्हणजे रागावले.

४.१५

फोटो स्टुडिओवाला. पीसीत या मोसमातली लग्नं, आणि प्रत्येक फोटोच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं. फाइल उघडत नाही. फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांत दिलेत तर 490.

हा स्टॉप नावाच्या रॅन्समवेअरचा जुना खेळ, क्रॅकच्या पोटातून येणारा. फोटोशॉपचा क्रॅक उतरवताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं होतं, याने केला. दरवाजा स्वतःच उघडून दिला. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या 2013 पासून भाड्यानेच मिळतात, दर महिन्याला पैसे, आणि लग्नाच्या चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्याला ते भाडं बोचतं हे मला कळतं. पण या मोसमातली तीन कुटुंबं आता अल्बम मागत येणार आहेत.

हा प्रकार फाइलच्या सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच बिघडवतो. त्यामुळे मोठे व्हिडिओ बरेचसे सोडवता येतात, फोटो जवळजवळ नाहीत. त्यातून कुलूप घालायला ऑफलाइन की वापरली गेली असेल तर फुकट मिळणारं एक साधन फायली उघडून देतं. ऑनलाइन की असेल तर हात टेकायचे. त्याला म्हटलं, पैसे पाठवू नकोस, डिस्क माझ्याकडे ठेव आणि कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट केली नसशील तर आत्ता घरी जा. तो धावत गेला. एक कार्ड तसंच होतं.

संध्याकाळी ६.३०

शेजारच्या इमारतीतली मुलगी मराठी फॉन्ट बनवते. लॅपटॉपचा पंखा बदलायला आली. पंखा होईपर्यंत तिने मोबाइलवर एक झिप दाखवली, 'सर्व मराठी फॉन्ट', आणि त्यात तिचा. कधी विकला गेला, कधी वाटला गेला, पत्ता नाही.

देवनागरी फॉन्ट म्हणजे नुसते स्वर आणि व्यंजनं काढून भागत नाही. अर्धी अक्षरं, रफार, 'वाऱ्यावर'मधला र, द्ध, ह्म, ष्ट्र, रुंद अक्षरांसाठी वेगळ्या लांबीच्या वेलांट्या. पाचशेच्या पुढे आकार सहज जातात आणि प्रत्येक जोडी शेजारी ठेवून बघावी लागते. फुकट द्यायचा तर मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्ता' खुल्या परवान्यावर दिलाच आहे, धंद्यालाही चालतो. ती देणाऱ्यांची मर्जी. हिने दिलेला नव्हता.

"त्या कंपनीला काय फरक पडतो" हे काकांचं वाक्य इथे लंगडं पडतं. विंडोज चोरली तर विंडोज जगतेच, उलट घरोघरी पसरते. मराठी फॉन्ट चोरला तर पुढचा फॉन्ट येत नाही, कारण त्याची बाजारपेठ एवढीशी, आणि गिऱ्हाइकं म्हणजे पेठेतले आम्हीच. लांबच्या मोठ्याला लुटतोय म्हणून जी सवय लावून घेतो, ती जवळच्या लहानाला जास्त लागते.

दुकानाची पाटी बदलायचीच होती. तिच्याकडून फॉन्टचा परवाना घेतला. सवयीने "काही कमी?" विचारलं. ती म्हणाली, "दादा, पंख्याचे काही कमी?" आम्ही दोघांनी पूर्ण पैसे दिले.

८.१०

फ्लेक्सवाल्याला पाटीचा मजकूर पाठवला. लगेच त्याचा मेसेज: "फॉन्ट भारी आहे. फाइल पाठवा ना, पुढे पण कामाला येईल." माणूस चांगला आहे, गणपतीत मंडळाचे बॅनर कमी पैशांत करून देतो.

मी कळवलं, "कर्व्ह करून पाठवतो." म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं, फॉन्ट माझ्याकडेच राहतो.

"अहो, फॉन्टच पाठवला असता तर मला स्पेलिंग सुधारता आलं असतं."

"स्पेलिंग मी तपासलंय. आठ बाय तीन, उद्या दुपारपर्यंत."