न्यूझीलंडच्या बागा: कूमऱ्याच्या वाफ्यापासून ओटारीपर्यंत

न्यूझीलंडच्या बागकामाची कथा १८६३ पासून सांगणारे अभ्यासक अजून आहेत. त्या वर्षी क्राइस्टचर्चमध्ये ब्रिटिश राजपुत्राच्या विवाहानिमित्त एक इंग्लिश ओक लावला गेला आणि तिथल्या वनस्पती उद्यानाचा आरंभ झाला. तो ओक आदरणीय खराच, पण त्याआधी साडेपाचशे वर्षे या भूमीवर माओरी शेतकरी रेषेत वाफे आखत होते. ऑक्टोबर १७६९ मध्ये कॅप्टन कुकबरोबर आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने अनौरा उपसागराकाठचे त्यांचे मळे पाहिले आणि त्यांच्या नेटकेपणाची नोंद करून ठेवली. या नोंदीकडे पाठ फिरवून लिहिलेला इतिहास अर्धाच राहतो, हे प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे सांगत आला आहे.

देशी वनस्पतींबद्दल थोडक्यात. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनापासून सुटलेल्या या भूभागावरच्या जवळपास ८० टक्के देशी वनस्पती जगात अन्यत्र कुठेही उगवत नाहीत. फुले बहुतांशी लहान आणि पांढरी. कारण परागीभवनाचे काम तिथे मुख्यतः माश्या, पतंग आणि छोट्या रानटी मधमाश्या करतात. ‘या झाडांना रंगच नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी वसंतात पिवळाधमक झालेला कोफाय पाहिलेला नसतो आणि डिसेंबरात समुद्रकडे लालेलाल करणारा पोहुटुकावाही नाही.

मात्र या देशाच्या बागकामाचा खरा कस लागला तो कूमऱ्यावर. कूमरा म्हणजे आपले रताळे. मूळ दक्षिण अमेरिकेचे, तिथून पॉलिनेशियात गेलेले आणि होड्यांमधून या थंड बेटांवर पोहोचलेले. उष्ण बेटांवर ते बारमाही वाढते; इथे मात्र हिवाळ्यातले गोठलेले दंव वेल जाळून टाकते. बरोबर आणलेला भोपळा कसाबसा तगला, अळू उबदार कोपऱ्यांत टिकले, नारळ आणि केळी तर रुजलीच नाहीत. कूमरा टिकला, तो माणसांनी त्याच्यासाठी जमीन बदलली म्हणून.

वायकाटोच्या खोऱ्यात खड्डे खणून खालची वाळू आणि बारीक खडी काढली, ती वाफ्यांवर पसरली. त्याने माती भुसभुशीत झाली, पाण्याचा निचरा सुधारला, ऊब वाढली. ते खड्डे आजही तिथे दिसतात. ‘को’ नावाच्या लांब खणकाठीला पाय देण्यासाठी आडवी पायरी बांधलेली असे. तिने माती मोकळी करून छोटे उंचवटे रचत. आपल्याकडे वेलाचे तुकडे बेणे म्हणून लावतात. तिथे उन्हाळा आखूड, म्हणून कोंब आलेले कंदच लावत, कोंबाचे टोक पूर्वेकडे ठेवून. काढणीची वेळ फानुई, म्हणजे अभिजित तारा सांगे. वर्षारंभ माटारिकीच्या, म्हणजे कृत्तिकांच्या, पहाटे दिसण्यावरून ठरे. २०२२ पासून त्या निमित्ताने देशभर सुटी असते.

काढलेले कंद रुआत जात. आपल्याकडच्या पेवासारखे हे जमिनीतले कोठार: वर मातीचे छप्पर, बाजूला चर, दार अगदी लहान. खरचटलेला एकही कंद आत जाऊ देत नसत, कारण एकाची कूज साऱ्यांना लागे. या शिस्तीच्या बळावर उष्ण कटिबंधातले पीक दक्षिण बेटावरच्या बँक्स द्वीपकल्पापर्यंत पोहोचले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोठ्या कंदांच्या अमेरिकी जाती आल्या आणि जुन्या, बोटभर जाडीच्या जाती मागे पडल्या. डग्लस येन या वनस्पती-अभ्यासकाने त्या जमवल्या, पण १९६० च्या दशकाअखेर तो संग्रह जपानला गेला. १९८८ मध्ये डेल विहोंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बेणे परत आणले. याच विहोंगी १९९१ मध्ये माओरींचे दावे ऐकणाऱ्या वायटांगी न्यायाधिकरणापुढे देशी वनस्पती आणि त्यांच्या ज्ञानावरील हक्काचा दावा घेऊन उभ्या राहिल्या. त्या दाव्यावरचा अहवाल यायला २०११ उजाडले.

हाराकेकेची, म्हणजे तागासारखा धागा देणाऱ्या तिथल्या उंच पात्यांच्या झाडाची, परंपरा तितकीच सजग. पाती कापताना मधला कोवळा कोंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाने सोडायची, हा नियम आजही विणकर स्त्रिया पाळतात. गिझबर्नच्या रेने ऑर्किस्टन यांनी १९५० च्या दशकापासून विणकामाच्या जाती गोळा केल्या नसत्या, तर त्यातल्या कित्येक नाहीशा झाल्या असत्या.

वसाहतकाळातल्या हिरवळी, गुलाब आणि परदेशी रोपे आणणाऱ्या संस्था यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कुंपणासाठी आणलेले काटेरी गोर्स आज डोंगरच्या डोंगर व्यापून बसले आहे, एवढे सांगितले की पुरे.

त्या काळातले मोठे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनार्ड कॉकेन यांचे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या माणसाच्या पुढाकाराने १९२६ मध्ये वेलिंग्टनला ओटारी येथे केवळ देशी झाडांचे उद्यान सुरू झाले. कॉकेन दांपत्याची समाधीही तिथेच आहे. जोपासनेचे मोल टेकोमँथे वेलीवरून कळते. १९४० च्या दशकात थ्री किंग्ज बेटांवर शेळ्यांनी सारे फस्त केल्यावर तिचा एकच वेल उरला होता. आज ती देशभरच्या कुंपणांवर चढते.

सध्याचे चित्र मात्र खेदजनक आहे. ‘देशी बाग’ ही फॅशन झाली, पण रोपवाटिकांत त्याच चार संकरित जाती, रस्त्याच्या दुभाजकावरही त्याच. पाव एकराचे, म्हणजे दहा गुंठ्यांचे, जुने प्लॉट तुकडे होऊन बांधले जात आहेत. परसातला कूमऱ्याचा वाफा त्याबरोबर गेला. २०१७ मध्ये मुख्य बेटांवर मर्टल तांबेरा पोहोचला आणि आपल्या जांभळाच्या कुळातली रामारामा, रोहुटू ही झुडपे वाळू लागली. ज्या परिसरात लावायचे त्याच परिसरातले बी वापरावे, हा साधा आग्रहसुद्धा काही बागरचनाकारांना जाचक वाटतो. त्यांचे म्हणणे चूक आहे: स्थानिक बियाण्यातले वैविध्य गेले, तर पुढच्या रोगाला तोंड द्यायला उरणार काय?

ऑकलंड-वेलिंग्टनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच एक विनंती. अंगणात गुलाब जरूर लावा. पण स्थानिक बियाण्यापासून रोपे करणारी रोपवाटिका शोधून एक हाराकेके आणि एक कोफायही लावा, आणि उन्हाच्या कोपऱ्यात जुन्या जातीच्या कूमऱ्याचा एक वाफा राखा.