फरशी उन्हाने विटत नाही

यंत्रमागांच्या बुऱ्हाणपुरात कापडाचा रंग उन्हात उडतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तोच हिशेब मग अंगणातल्या फरशीलाही लावला जातो. बागेतल्या वाटेवरची कोटा फरशी चार-पाच उन्हाळ्यांत पांढरट पडली की "ऊन लागलं, रंग गेला" असं म्हणून लोक मोकळे होतात. पण कापडाला रंग चढवलेला असतो आणि दगडाचा रंग त्याच्या खनिजांचा असतो. तांबड्या वाळूदगडाचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि ते ऊन शतकानुशतके सोसतं. अपवाद काळ्या कडप्प्याचा. उघड्यावर त्याचा काळेपणा खरंच जातो, कारण पावसाच्या पाण्याने त्याचा वरचा चुनखडीचा थर विरघळून करडा पडतो. बागेत कडप्पा बसवूच नये, हे माझं स्पष्ट मत.

बाकी दगडांची परीक्षा सोपी आहे. विटलेल्या फरशीवर तांब्याभर पाणी ओता. मूळचा हिरवट-निळा किंवा तांबडा रंग उजळून आला, तर रंग कुठेही गेलेला नाही. पायांखालची रेती, झाडूचे फराटे आणि वारा-पाऊस यांनी पृष्ठभाग खरबरीत झाला आहे. खरबरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि दगड फिकट दिसतो. पाणी त्या बारीक खाचा भरतं, म्हणून तेवढ्यापुरता रंग परततो. पाणी ओतूनही पांढरेपणा तसाच राहिला, तर वर क्षार बसले आहेत. काळे-हिरवे डाग राहिले, तर ते शेवाळ. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. कारण आपल्याकडे तिन्हींवर एकच औषध चालतं: ॲसिडची बाटली.

ॲसिडने फरशी स्वच्छ होते, हा समज सगळ्यांत महागात पडतो. राजस्थानातल्या रामगंज मंडीच्या खाणींतून येणारा कोटा आणि कर्नाटकातून येणारा शहाबादी, हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. संडास धुण्याचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते त्यांच्यावर पडलं की फेस येतो. लोकांना वाटतं मळ निघतोय. प्रत्यक्षात दगडच विरघळत असतो. पॉलिश जातं, छिद्रं उघडी पडतात, सांध्यांतलं सिमेंट पोखरलं जातं आणि पुढचा मळ आणखी खोल बसतो. पहिल्या दिवशी फरशी उजळ दिसते, म्हणून तर हा समज मरत नाही. वाळूदगडावर फेस येत नसला तरी आम्लाने त्यातलं लोह सुटतं आणि पिवळट-तपकिरी डाग उमटतात. आपल्या फरशीची जात माहीत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहा. फेस आला किंवा तिथली चकाकी गेली, तर ॲसिडची बाटली कपाटातच राहू द्या. घासकाम झाल्यावर पॉलिशवाले शेवटी ऑक्झॅलिक पावडर वापरतात, तेही आम्लच, हे खरं. पण ते मशीनखाली, मोजून, जाणत्या हातांनी होतं.

पांढऱ्या पापुद्र्याला आपण सरसकट "लोणा" म्हणतो आणि दगड खराब निघाला अशी दुकानदाराकडे तक्रार नेतो. बहुतेक वेळा दगड निर्दोष असतो. खालच्या सिमेंटमधला चुना ओलीबरोबर वर येऊन सुकतो, किंवा झाडांना घातलेलं जड पाणी फरशीवर वाळत राहतं. पाण्यातला चुना काय करतो ते पाहायला बुऱ्हाणपूरकरांना लांब जावं लागत नाही. सातपुड्याचं झिरपतं पाणी गावाला देण्यासाठी अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 मध्ये, बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात भुयाराच्या भिंतींवर क्षारांचे जाड थर चढले आहेत. अंगणातही तेच, फक्त लहान प्रमाणात. नवी फरशी असेल तर कोरड्या कडक ब्रशने पापुद्रा झाडत राहा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. काही महिन्यांत जोर ओसरतो. ओल कुठून येते ते मात्र शोधायलाच हवं, नाहीतर कितीही झाडा.

शेवाळावर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातलं ब्लीच, एकाला दहा भाग पाण्यात मिसळून चालतं. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि झाडांच्या मुळांपासून दूर ठेवायचं. एक गोष्ट ठळक सांगतो: ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. काल ॲसिड टाकलं असेल तर आज ब्लीच नको.

हा केळीचा जिल्हा, तेव्हा केळीच्या चिकाचे तपकिरी डाग इथल्या अंगणाला नवे नाहीत. चीक हवेत काळवंडतो आणि छिद्रांत मुरतो. घासून तो निघत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मुलतानी मातीचा लेप कालवून डागावर थापा, वर प्लास्टिक झाका, दुसऱ्या दिवशी काढा. डाग लेपात ओढला जातो. गरज पडल्यास पुन्हा लावा. ही युक्ती गावंढळ वाटली तर लक्षात घ्या, पुरातत्त्व खातं आग्र्याच्या ताजमहालाचा संगमरवर मातीच्या लेपानेच उजळतं. ज्या मुमताजसाठी तो बांधला, ती 17 जून 1631 रोजी बुऱ्हाणपुरातच गेली आणि तिचं पहिलं दफन तापीपलीकडच्या आहुखान्याच्या बागेत झालं.

प्रेशर पंपाचं कौतुक सध्या फार आहे. कठीण काळ्या दगडावर तो बेताच्या दाबाने चालेल. थरांच्या वाळूदगडावर जवळून मारला की पापुद्रे सुटतात आणि सांध्यांतल्या दर्जा निघून जातात. त्या पुन्हा भरायला लागणारा खर्च पंपवाला सांगत नाही.

आता रंग परत आणण्याबद्दल. खोबरेल, अळशीचं तेल, काही ठिकाणी तर जळकं इंजिन ऑइलही पुसलं जातं. दगड गडद दिसतो खरा, पण तेलावर धूळ बसते, बुरशी धरते आणि वर्षभरात फरशी चिकट काळी होते. त्याऐवजी दोन मार्ग आहेत. पृष्ठभाग झिजला असेल तर मशीनने पुन्हा घासून घ्यावा, मात्र वाटेवर आरशासारखं पॉलिश नको. पहिल्याच पावसात कुणीतरी घसरेल. रंग गडद हवा असेल तर ओल्या दगडासारखा रंग खुलवणारा सीलर मिळतो.

सीलर म्हणजे काचेचा लेप, असा आणखी एक समज. वरून चकचकीत थर चढवणारा ॲक्रिलिक सीलर अंगणात टिकत नाही. खालची ओल त्याच्याखाली अडकते, थर दुधाळ होतो आणि सोलतो. सिलेन-सिलॉक्सेन जातीचा सीलर छिद्रांत मुरतो, पाणी अडवतो पण वाफ जाऊ देतो. तो दगडाला अभेद्य करत नाही, डागाला मुरायला उशीर लावतो, इतकंच. आणि आधी साफसफाई नीट झाली नसेल, तर मळही त्याच्याखाली कायमचा बंद होतो.

मुहूर्त चुकवू नका. मे महिन्याच्या तापल्या दगडावर सीलर मुरण्याआधीच वाळतो, पावसाळ्यात दगड ओला असतो. पाऊस संपल्यावर, फरशी आतून कोरडी झाली की, कोवळ्या उन्हाच्या सकाळी लावावा. नव्या सिमेंटचे सांधे असतील तर आधी 28 दिवस थांबावं. नेमून दिलेल्या वेळेनंतर वर राहिलेला सीलर पुसून घ्या. पुढे दरवर्षी पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. ते मण्यांसारखे राहिले तर काही करू नका. मिनिटा-दोन मिनिटांत डाग पाडून मुरले, तर पुन्हा लावायची वेळ झाली. काहीही लावण्याआधी कुंडीखालच्या एका फरशीवर करून बघा, आणि कारागीर ॲसिडची बाटली घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.