विमान वळवायचं कधी? चिपीच्या धावपट्टीवरचा एक सराव

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन ही नावं आता इथल्या मुलांनाही माहीत आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवणारे बरेच जण एक खेळ हमखास करतात. इंजिन बंद पाडायचं, विमान कसंबसं उतरवायचं आणि खूश व्हायचं. मजा आहे त्यात, पण सराव म्हणून उपयोग कमी. कारण इंजिन कधी बंद पडणार हे तुम्हीच ठरवलेलं असतं. आकाशात अवघड असतो तो निर्णय: पुढे जायचं, की वळायचं? आज त्या निर्णयाचा सराव कसा करायचा ते बघू.

पस्तीस सेकंद

15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या एअरबसला पक्षी धडकले आणि दोन्ही इंजिनांची ताकद गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं. सगळे 155 जण वाचले. चौकशीत तोच प्रसंग सिम्युलेटरवर उभा केला, तेव्हा धडक बसताक्षणी मागे वळलेले काही वैमानिक विमानतळापर्यंत पोचले. मग परिस्थिती समजून घ्यायला लागणारी 35 सेकंदं त्यात धरली, आणि परत पोचणं जमेना. म्हणजे सिम्युलेटरमध्ये विमानाच्या बिघाडाइतकाच माणसाचा विचार करायचा वेळही धरावा लागतो.

चिपीच्या सड्यावर

आता आपल्या वेंगुर्ले तालुक्यात येऊ. चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 ला झालं. धावपट्टी अडीच हजार मीटरची, जांभ्याच्या सड्यावर. मुंबईहून पहिलं विमान आलं ते एटीआर, दोन पंख्यांचं. आपणही तेच घेऊ. महिना जुलैचा. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली आलात, धावपट्टी दिसली नाही, परत वर गेलात. याला गो-अराउंड म्हणतात. आता पुढे काय?

आकडे मी हिशोबासाठी गोल करतोय. तुमच्या विमानाचे आकडे त्याच्या मॅन्युअलमधून घ्या. समजा चिपीवर पोचताना टाकीत 1000 किलो इंधन आहे आणि मिनिटाला 10 किलो जळतंय. अशा विमानांना शेवटचं 30 मिनिटांचं इंधन राखून ठेवावं लागतं. ते 300 किलो, त्याला हात लावायचा नाही. एक प्रयत्न फसला, फिरून परत रांगेत आलात, की 15 मिनिटं गेली, म्हणजे 150 किलो.

सगळ्यात जवळ मोपा, सरळ रेषेत सुमारे 50 किलोमीटर. उतरेपर्यंत 20 मिनिटं धरा, म्हणजे 200 किलो. राखीव मिळवून 500. हातात 500 किलो उरतात, म्हणजे तीन प्रयत्न आरामात. असं वाटतं खरं. पण मोपा आणि चिपी दोन्ही सह्याद्रीच्या अलीकडे, एकाच पावसाखाली. तीन प्रयत्नांनंतर 550 किलो घेऊन मोप्याला गेलात, तर तिथे पोचताना 350. तिथेही धावपट्टी दिसली नाही, तर हुबळी अर्ध्या तासावर. हुबळीला टेकताना टाकीत 50 किलो, पाच मिनिटांचं इंधन! तेही सगळं सुरळीत झालं तर.

आता पहिल्यापासून हुबळी धरून बघा. घाटापलीकडे असल्यामुळे तिथली हवा वेगळी असण्याची शक्यता जास्त. चिपीहून 40 मिनिटं, म्हणजे 400 किलो. राखीव मिळवून 700. म्हणजे दोन प्रयत्न. तिसरा नाही. हा 700 चा आकडा निघण्यापूर्वी कागदावर लिहायचा. काटा तिथे आला की वळायचं. तेव्हा ढगात भोक दिसलं, तरी वळायचं.

वळणं जड का जातं

7 ऑगस्ट 2020. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोळिकोडला मुसळधार पावसात उतरत होतं. कॅप्टन दीपक साठे, आपले मराठी, हवाई दलात घडलेले, अत्यंत अनुभवी. पहिला प्रयत्न सोडून ते वर गेले. दुसऱ्यांदा विरुद्ध टोकाकडून, पाठीवर वारा घेऊन आले. 8858 फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली 4438 फुटांवर, जवळजवळ मध्यावर. विमान टोकापलीकडे दरीत गेलं आणि दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. इंधन पुरेसं होतं, पर्यायी विमानतळही होते, असं चौकशी अहवाल सांगतो. मृतांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. इतक्या अनुभवी माणसालाही धावपट्टी समोर असताना वळणं जड जातं, म्हणून सांगतो. म्हणून तर वैमानिकांना पुन्हा पुन्हा सिम्युलेटरमध्ये बसवतात.

घरी कसं कराल

हवामान आणि बिघाड दुसऱ्या कुणाला तरी ठरवायला सांगा. भाऊ, बहीण, मित्र, कुणीही. एकटे असाल तर एक्स-प्लेनमध्ये बिघाड आपोआप, अवचित येतील अशी सोय आहे. पॉजचं बटण वापरायचं नाही. बिघाड झाला की क्रम एकच: आधी विमान सांभाळा, मग दिशा ठरवा, मग रेडिओवर बोला. आणि उतरल्यावर चाकं किती मऊ टेकली ते बघू नका. वळायचा निर्णय कितव्या मिनिटाला घेतला आणि टाकीत तेव्हा किती होतं, ते वहीत लिहा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मगे इंधनच जास्त भरून नेला तर काय बिघडता?

उत्तर: चांगला प्रश्न. पावसाचा अंदाज असेल तर जादा इंधन घेतातच. पण विमान जड झालं की ओल्या धावपट्टीवर थांबायला जास्त लांबी लागते, शिवाय ते वजन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. आणि खरी गोष्ट अशी, की जादा इंधनाने थांबायला वेळ मिळतो, निर्णय मिळत नाही. कागदावर आकडा लिहिलेला नसेल, तर माणूस तो जादा वेळही घिरट्या घालण्यातच संपवतो.