पडण्याची किंमत कोणी मोजायची?

पराभवाची किंमत सर्व खेळांत सारखी नसते. क्रिकेटमध्ये पहिल्या डावात शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला कसोटीत दुसरा डाव मिळतो; टेनिसमध्ये गमावलेला सेट पुढे भरून काढता येतो. बर्फाच्छादित उतारावरील स्की शर्यतीत अशी सवलत नाही. स्लालम या प्रकारात रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वाट काढीत खाली यावयाचे असते. एक फेरी मिनिटभराच्या आसपास संपते आणि दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज करून निकाल लागतो, तोही सेकंदाच्या शतांशात. परंतु पहिल्या फेरीत एक खांब चुकला की दुसरी फेरी मिळतच नाही. वर्षभराची मेहनत पाच सेकंदांत निकालात निघू शकते. या कठोर हिशेबाला जेव्हा तेरा-चौदा वर्षांची मुले सामोरी जातात, तेव्हा प्रश्न केवळ पायांतील बळाचा राहत नाही.

या खेळात मन आणि शरीर यांची फारकत करताच येत नाही. शर्यतीच्या मार्गावरून आधी सराव करण्यास मुभा नसते. स्पर्धक तो मार्ग केवळ बाजूने उतरत पाहून घेतात. मग प्रारंभस्थानी डोळे मिटून, हाताच्या हालचालींनी प्रत्येक वळण मनात पुन्हा पुन्हा घेतले जाते. प्रत्यक्ष उतरताना शरीराचा भार पुढे, उताराच्या दिशेने ठेवावा लागतो. भीती मात्र माणसाला मागे खेचते. भार मागे गेला की स्कीच्या पुढच्या टोकावरील ताबा सुटतो आणि ज्या पडण्याची भीती वाटत होती तेच पडणे ओढवते. म्हणजे येथे भीती स्वतःच आपले भाकीत खरे करून दाखविते.

ही भीती निराधार आहे असेही नाही. इटलीची एकोणीस वर्षांची मातिल्दे लोरेन्झी ऑक्टोबर २०२४ मध्ये सरावातील अपघातानंतर मरण पावली. अशा खेळात 'घाबरू नकोस' हा उपदेश पोकळ ठरतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून एक तत्त्व मांडले होते. उत्तेजना एका मर्यादेपर्यंत कामाला उपकारक असते, त्यापुढे ती बाधक ठरते. आणि काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. स्लालमइतके अवघड काम क्वचितच असेल. म्हणून मुलाच्या मनावर आणखी दडपण आणणारा प्रशिक्षक त्याला वेग देत नसतो, तो त्याच्याकडून चूक घडवून आणीत असतो.

अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०१४ मध्ये सोची येथे वयाच्या अठराव्या वर्षी तिने स्लालमचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये आणखी एक सुवर्ण तिने जिंकले. पण त्याच स्पर्धेत स्लालमपूर्वी तिला उलटी झाली आणि आपल्या हुकमी प्रकारात ती चौथी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचे वडील गेले. २०२२ मध्ये बीजिंगला जायंट स्लालम आणि स्लालम या दोन्ही शर्यती तिच्यासाठी काही सेकंदांतच संपल्या आणि ती बराच वेळ मार्गाच्या कडेला बर्फावर बसून राहिली. सारे जग ते दृश्य पाहत होते. तथापि त्याच मोसमाअखेर तिने विश्वचषकाचे सर्वसाधारण विजेतेपद मिळविले, मार्च २०२३ मध्ये इंगेमार स्टेनमार्क यांचा ८६ विजयांचा विक्रम मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शंभरावा विजय नोंदविला. मनोबल म्हणजे कधीच न डगमगणे, ही समजूत या एका कारकिर्दीने खोटी पाडली आहे. डगमगल्यानंतर पुन्हा उभे राहण्यास अवसर मिळणे, हेच मनोबलाचे खरे भांडवल होय.

हा अवसर नवोदितांना मिळतो काय? खेळाची घडण पाहिली तर शंका येते. गुणांकनात मागे असलेल्या स्पर्धकाला उशिराचा क्रमांक मिळतो. तोपर्यंत आधीच्या स्पर्धकांच्या स्कीने मार्गावर खोल चर पडलेले असतात. त्यामुळे जो मागे, तो आणखी मागे पडतो. त्यात हा खेळ महागडा. साहित्य, प्रवास, प्रशिक्षण आणि काही देशांत खास निवासी शाळा, यांवर पालकांचा मोठा पैसा खर्च होतो. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, एकदा झालेला आणि परत न मिळणारा खर्च पुढील निर्णयात धरू नये. घरोघरी नेमके उलटे घडते. 'तुझ्यासाठी एवढे केले' हे वाक्य उच्चारले जावो वा न जावो, मूल ते ऐकत असते. आणि प्रत्येक चुकलेल्या खांबाबरोबर आपण कर्जबाजारी झालो, असे त्याला वाटू लागते.

नॉर्वेने या प्रश्नाचा विचार धोरण म्हणून केला. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये बालक्रीडेसाठी नियम केले आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांची जोड दिली. वयाच्या अकराव्या वर्षापूर्वी निकालांच्या व क्रमवारीच्या याद्या नकोत, तेरापूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद नको, असे त्यात ठरले. अशा लाडाने खेळाडू मऊ होतील, हा आक्षेप सहज सुचतो. परंतु सुमारे पंचावन्न लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णांसह ३७ पदके मिळवून पहिले स्थान पटकावले. आक्सेल लुंड स्विंदाल हा त्यांचा खेळाडू २०१८ मध्ये पस्तिसाव्या वर्षी डाउनहिलचा ऑलिंपिक विजेता झाला. हे यश केवळ नियमांचे, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. बर्फ, संपत्ती आणि परंपरा यांचाही त्यात वाटा आहे आणि पदकांपैकी बरीचशी अन्य हिमक्रीडांतील आहेत. तरीही एवढे निश्चित सिद्ध होते की, मोजमाप लांबणीवर टाकल्याने अव्वल खेळाडू निपजत नाहीत, ही भीती खरी नाही.

मग करावयाचे काय? काही ठिकाणी बालगटांच्या शर्यतींत पहिल्या फेरीत पडलेल्यालाही दुसरी फेरी खेळू देतात. ही प्रथा सार्वत्रिक व्हावी. अपघातानंतर हाड जुळले म्हणजे मूल बरे झाले असे न मानता, मनालाही सावरण्यास वेळ द्यावा. शर्यतीनंतर पालकांनी पहिला प्रश्न वेळेचा वा क्रमांकाचा विचारू नये. आणि खेळ सोडण्याचा हक्क मुलाच्या हाती असावा, पालकांच्या जमाखर्चात नव्हे.

उतारावर पडणे कोणालाच चुकलेले नाही. प्रौढ खेळाडू ती किंमत जाणूनबुजून मोजतो. मुलाच्या वतीने ती किंमत ठरविणारे मात्र नेहमी दुसरेच असतात. ती त्याला परवडेल इतकीच ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. कारण ज्याला पडणे परवडते, तोच निर्धास्तपणे पुढे झुकू शकतो.