गडचांदूरच्या मुलामुलींनी आता 'सॉफ्टवेअर'मध्ये जावे का?

गडचांदूर म्हटले की सिमेंट. माणिकगढ, आवारपूर, उपरवाही, नारंडा असे चार मोठे कारखाने एकट्या कोरपना तालुक्यात आहेत. एका पिढीने इथे कायम नोकरी मिळवली, क्वार्टर मिळवले, मुलांना इंग्रजी शाळेत घातले. त्याच घरांतल्या पुढच्या पिढीला आता ठेकेदाराच्या हाताखालचे काम तेवढे दिसते. म्हणून बारावी किंवा पदवी झाली की घरात एकच विषय निघतो : पुण्याला जाऊन सॉफ्टवेअरचा कोर्स करायचा का? आमच्याकडेही हा प्रश्न वारंवार येतो. 'स्कोप आहे, जा' असे सांगून तो सुटत नाही, कारण या क्षेत्राची दारे गेल्या चार-पाच वर्षांत बरीच बदलली आहेत.

नॅसकॉम या उद्योगसंस्थेच्या आकड्यांनुसार २०२१-२२ या एका वर्षात भारतीय आयटी क्षेत्रात सुमारे साडेचार लाख नोकऱ्यांची भर पडली. कोरोनानंतर सगळ्या जगाला घाईने ऑनलाइन जायचे होते, त्याचा तो परिणाम. दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, ही भर साठ हजारांच्या आसपास आली. क्लासवाल्यांच्या जाहिराती मात्र अजून पहिल्याच आकड्यावर चालतात. क्षेत्र बुडाले असे नाही. आजही देशात सुमारे ५८ लाख लोक त्यात काम करतात. पण नवख्याला उचलून, पगार देऊन, सहा महिने शिकवून घेण्याची कंपन्यांची तयारी आटली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याच्या कारणावरून घरी पाठवले. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने आपल्या दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली, आणि त्यात बहुतेक मधल्या-वरच्या पदांवरचे लोक होते. म्हणजे आत शिरलेला माणूसही निर्धास्त नाही.

पगाराचेही नीट बोलू. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटच्या वार्षिक २.५२ लाखांच्या पॅकेजवरून समाजमाध्यमांत खूप थट्टा झाली. कंपनीने खुलासा केला की हा आकडा अभियंत्यांसाठी नसून तीन वर्षांची साधी पदवी घेतलेल्यांसाठी आहे. आमच्या भागातली बीएस्सी, बीसीए झालेली मुले नेमकी याच रांगेत उभी असतात. कपातीआधी महिन्याला २१ हजार. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून घरी काय पाठवणार, हा हिशोब निघण्याआधी करायचा असतो.

आता कौशल्यांकडे येऊ. स्टॅक ओव्हरफ्लो ही संस्था दरवर्षी जगभरच्या प्रोग्रामरांची पाहणी करते. २०२५ च्या पाहणीत १७७ देशांतल्या ४९ हजारांहून अधिक जणांनी उत्तरे दिली. त्यात ८४ टक्के लोक एआयची साधने वापरतात किंवा वापरणार आहेत. आधीच्या वर्षी हे प्रमाण ७६ टक्के होते. मजा अशी की वापर वाढला तसा विश्वास वाढला नाही. एआयच्या उत्तराच्या अचूकतेवर भरवसा ठेवणारे ३३ टक्के, न ठेवणारे ४६ टक्के. सर्वांत मोठी तक्रार कोणती, तर उत्तर जवळजवळ बरोबर असते, पण पूर्ण बरोबर नसते.

या एका तक्रारीत नवख्या मुलांचे भवितव्य लपले आहे. पूर्वी कंपनीत नवीन माणसाला छोटी कामे मिळत : एखादा फॉर्म बनव, छोटी चूक दुरुस्त कर, चाचण्या लिहून दे. ती कामे करता करता तो शिकत असे. आज ती कामे एआय मिनिटांत करून देतो. मग माणूस कशाला हवा? तर ते 'जवळजवळ बरोबर' कुठे चुकले, हे शोधायला. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणे, चूक नेमकी कुठे आहे ते हुडकणे, डेटाबेसमध्ये माहिती कशी मांडली म्हणजे पुढे गोंधळ होत नाही हे कळणे, यांची किंमत वाढली आहे. केवळ वाक्यरचना पाठ करून येणाऱ्याची घटली आहे. जावास्क्रिप्ट, पायथन, एसक्यूएल ही नावे अजून यादीत वरच आहेत. पायथन वापरणाऱ्यांचे प्रमाण एका वर्षात सात टक्क्यांनी वाढून ५८ टक्क्यांच्या जवळ गेले. पण कोणती भाषा शिकू, या प्रश्नावर सहा महिने घालवू नयेत. एक घ्या आणि तिच्यात एखादी खरी गोष्ट शेवटपर्यंत बनवा. विहाराच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांची देवघेव नोंदवणारा छोटा प्रोग्राम बनवला आणि तो वर्षभर चालवून दाखवला, तर तो दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो. प्रमाणपत्र हवेच असेल तर स्वयम् आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग मोफत आहेत. शुल्क लागते ते फक्त परीक्षेला.

अनुभवाचे खोटे पत्र विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. 'दोन वर्षांचा एक्सपिरियन्स दाखवून देतो, नोकरी लागल्यावर पैसे द्या' असे सांगणारे पुण्यात आणि हैदराबादेत भरपूर आहेत. पीएफचा यूएएन क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसते, आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या हे तपासतात. पकडला गेलेला मुलगा नोकरी गमावतोच, शिवाय पुढच्या दारांवरही त्याची नोंद आडवी येऊ शकते. दलाल तोवर फोन बंद करून बसलेला असतो. तसेच 'थर्ड पार्टी पेरोल' म्हणजे काय, तेही सही करण्याआधी विचारा. बसायचे मोठ्या कंपनीत, पगार द्यायचा भलत्याच एजन्सीने, काम संपले की घरी. सिमेंट कारखान्याच्या गेटवर आपण याला ठेकेदारीच म्हणतो.

घरून काम करण्याबद्दल मुलामुलींना मोठे आकर्षण आहे. तेही नवखे नाही. जगभरचे प्रोग्रामर पूर्ण वेळ ऑफिसात बसायला नाखूश आहेत. २०२४ च्या पाहणीत फक्त २० टक्के जण पूर्ण वेळ ऑफिसातून काम करत होते, बाकीचे घरून किंवा आलटून-पालटून. भारतातल्या मोठ्या सेवा कंपन्यांचा कल मात्र उलटा आहे. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावणे सुरू केले. त्यामुळे पहिलीच नोकरी गडचांदुरात बसून मिळेल, असे धरून चालू नये. मिळाली तरी एका खोलीत पाच माणसे, वर टिनाचे छत, मे महिन्यातले चंद्रपूरचे ऊन आणि मध्येच जाणारी लाइट, यात आठ तासांची मीटिंग आणि काम कसे निभवायचे? इथे विहारांना आणि मंडळांना करण्यासारखे खूप आहे. इन्व्हर्टर, बरे इंटरनेट आणि चार टेबले असलेली एक खोली रोज संध्याकाळपर्यंत उघडी ठेवायला फार निधी लागत नाही. मुलींच्या दृष्टीने तर ही खोली पुण्याच्या होस्टेलपेक्षा आधी हवी, कारण अनेक घरांत त्यांना बाहेरगावी पाठवण्याचा निर्णय पहिल्या कमाईनंतरच होतो.

जातीचा प्रश्न या पाहण्यांत विचारला जात नाही. तो दुसरीकडे दिसतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव बदललेले अर्ज खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठवले होते. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या जेमतेम दोन तृतीयांश होती. सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी एक गोष्ट आहे : रेफरल. बऱ्याच जागा आतल्या कर्मचाऱ्याने नाव सुचवल्यावर भरल्या जातात. ज्याचा मामा, शेजारी, कॉलेजचा सीनियर आत आहे त्याचा अर्ज वर जातो. गुणवत्तेच्या नावाने चालणारी ही जुनीच ओळखपाळख आहे.

सातासमुद्रापारही ती जाते. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर जातीय भेदभावाचा खटला भरला. दोन अधिकाऱ्यांवरचा भाग खात्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला सिअ‍ॅटल शहराने जातीभेदावर बंदी घालणारा ठराव केला. कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक मात्र राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. हे लढे तिथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी लढवले. त्यांच्याइतकेच काम नागपूरच्या मिहानमध्ये, हिंजवडीत, बंगळुरात बसलेल्या आपल्या इंजिनिअरांनी करायचे आहे, आणि ते फार सोपे आहे : वर्षाला दोन मुलांचे बायोडेटा तपासून द्या, एकाची खोटी मुलाखत घेऊन सराव करून द्या, पात्र असेल त्याचे रेफरल टाका. १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो जण गावी येतातच. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल यासाठी लावता येईल.

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी देशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला वर्षाला दोन लाख आणि परदेशासाठी एक लाख रुपये मागितले होते. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मागणीचे आजचे रूप म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, होस्टेल न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना (नागपूर-पुण्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत), परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, पण बँकांच्या आयटी अधिकारी पदांना आणि केंद्राच्या इतर तांत्रिक जागांना आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही ते लागू आहे. पुण्याच्या क्लासची फी भरण्याआधी या जाहिराती एकदा वाचाव्यात.

बीसीएला जायचे असेल तर एवढे लक्षात ठेवा, की २०२४-२५ पासून राज्यात त्यासाठी सीईटी आहे. ही खबर उशिरा कळल्याने वर्ष जाते. जातीचा दाखला, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची कागदपत्रे अकरावीतच गोळा करायला घ्यावीत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते आधी पाहा. अडकते ते बहुधा तिथेच.