काटोलची अशनी आणि तिच्यातील लोह

रानशेतपासून तलासरीपर्यंत डहाणूच्या परिसरात जो काळा पाषाण सर्वत्र दिसतो, तो दख्खनच्या लाव्हापासून बनलेला बेसॉल्ट असून त्यातील लोह जवळजवळ सर्व ऑक्सिजनशी बांधलेले असते. आकाशातून पडणाऱ्या दगडी अशनींत मात्र बहुधा लोहाचा काही भाग धातुरूपातच टिकून राहतो, आणि त्यांतील 'सामान्य कॉन्ड्राइट' या सर्वांत मोठ्या गटाची विभागणी मुख्यतः या लोहावरूनच होते.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे कोसळलेली अशनी याच गटातील आहे. ऑलिव्हिन व पायरॉक्सिन ही मॅग्नेशिअम-लोहयुक्त सिलिकेटे तिच्यात सर्वाधिक असून जोडीला प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार, ट्रॉइलाइट हे लोहाचे सल्फाइड आणि लोह-निकेलचे कण आहेत. एकूण लोह वजनाच्या २५ ते ३० टक्के असल्यास अशनी 'एच' गटात आणि २० ते २५ टक्के असल्यास 'एल' गटात मोडते; 'एलएल' गटात ते त्याहूनही थोडे कमी आणि धातू अत्यल्प असतो. अक्षरापुढचा अंक, मूळ लघुग्रहाच्या पोटात तो दगड किती तापला, हे सांगतो. काटोलची अशनी 'एल-६' ठरली, म्हणजे ती इतकी तापली होती की सूर्यमालेच्या आरंभी वितळलेल्या थेंबांपासून थिजलेल्या गोलकांच्या, अर्थात कॉन्ड्र्यूलांच्या, कडा पुसट झाल्या.

तिचे खरे मोल मात्र या संकेतात मावत नाही. अंतराळातील प्रचंड टकरीने तिच्यात वितळलेल्या द्रव्याच्या बारीक शिरा निर्माण झाल्या आणि त्यांत खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना ब्रिजमनाइट आढळले, ज्याविषयीचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वातावरणाच्या दोन लाखांहून अधिक पट दाबाखाली बनणारे हे खनिज पृथ्वीत सर्वाधिक प्रमाणात असले, तरी ते सुमारे ६६० किलोमीटर खोलीच्या खाली असल्याने तेथून त्याचा नमुना आणणे शक्य नाही. निसर्गातील त्याची पहिली खात्रीशीर नोंदही २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीवरूनच झाली.

बेसॉल्टमधील मॅग्नेटाइटही लोहचुंबकाकडे ओढले जात असल्याने अशनी ओळखण्यासाठी केवळ चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये. पातळ काळे कवच असलेला, आकाराच्या मानाने जड आणि मुळातच तुटलेल्या बाजूवर धातूचे चमकदार ठिपके दाखवणारा दगड सापडल्यास तो धुऊ वा फोडू नये, जागेची व वेळेची नोंद करून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.