सुन्न पावले आणि कोरियन सुई

मेंदू आणि कण्यातील मज्जारज्जू यांतून निघून त्वचा, स्नायू, रक्तवाहिन्या आणि आतडी यांपर्यंत पोचणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याला परिघीय चेतासंस्था म्हणतात. स्पर्श, वेदना, उष्णता यांची वार्ता मेंदूकडे नेणे, स्नायूंना हालचालीचा आदेश पोचवणे आणि घाम, नाडी, पचन यांचे नियमन करणे ही तिची कामे आहेत. या तंतूंना इजा झाली की प्रथम मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, पुढे बधिरता येते आणि शेवटी पायातली चप्पल निसटली तरी ते रुग्णाच्या ध्यानात येत नाही. त्रास बहुधा पावलांपासून सुरू होऊन मोजा चढावा तसा वर सरकतो, कारण तंतू जितका लांब तितके त्याचे पोषण अवघड. तुटलेला परिघीय तंतू पुन्हा वाढू शकतो, पण ती वाढ अनुकूल स्थितीतही दिवसाला सुमारे १ मिलिमीटर इतकीच असते. म्हणजे गुडघ्यापाशी झालेली इजा भरून बोटांपर्यंत संवेदना परतायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. कोणत्याही उपचाराने काही दिवसांत नस पूर्ववत होण्याचा दावा केला जातो, तेव्हा ही गती आठवणे उपयोगाचे असते.

हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या विकाराची तीन कारणे विशेष लक्षात घ्यावी लागतात. पहिले कारण मधुमेह. रक्तातील वाढलेली साखर तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना वर्षानुवर्षे इजा करत राहते. दुसरे कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. तंतूंभोवतीचे मेदयुक्त आवरण टिकवण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते आणि ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते. संत नामदेवांच्या नर्सीचा हा परिसर माळकऱ्यांचा असल्याने मांसाहार वर्ज्य असलेली घरे येथे पुष्कळ आहेत, आणि अशा घरातील मधुमेही माणूस दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेत असेल तर उणीव आणखी वाढू शकते, कारण त्या औषधाने ब-१२ चे शोषण घटते. अशा रुग्णाची बधिरता सर्वस्वी साखरेच्या माथी मारली जाते आणि इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी भरून निघणारी उणीव तशीच राहते, ही खेदाची गोष्ट होय. तिसरे कारण कुष्ठरोग, ज्याचा विचार पुढे येईल. याखेरीज अतिमद्यपान, काही कीटकनाशकांची विषबाधा आणि कर्करोगावरील काही औषधे यांनीही तंतू दुखावतात.

शीर्षकातली सुई ज्या देशातली, त्या दक्षिण कोरियात अशा रुग्णापुढे आधुनिक आणि पारंपरिक अशी दोन दारे असतात. १९५१ च्या कायद्याने तेथे आधुनिक वैद्यकाबरोबर पारंपरिक वैद्यकालाही स्वतंत्र परवाना मिळाला. ‘हानुइसा’ म्हणवणारे पारंपरिक वैद्य सहा वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण घेतात आणि १९८७ पासून सुई, धूम्रदाह व तुंबडी हे त्यांचे उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यात समाविष्ट आहेत. या परंपरेचा आधारग्रंथ म्हणजे हो जुन या राजवैद्याने १६१० मध्ये पूर्ण केलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला ‘दोंगुई बोगाम’ हा २५ खंडांचा ग्रंथ, ज्याची युनेस्कोने २००९ मध्ये जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली. या शास्त्राच्या मते शरीरात ‘गी’ म्हणजे प्राणशक्ती आणि रक्त यांचा प्रवाह ठरावीक मार्गांनी चालतो आणि तो अडला किंवा क्षीण झाला की अवयव झिणझिणतो व अखेर लाकडासारखा होतो. आयुर्वेदातील वातव्याधींचे विवेचन ज्यांच्या कानांवरून गेले आहे, त्यांना ही मांडणी परकी वाटू नये. मात्र दोन्हींमध्ये रोगाचे वर्णन लक्षणांवरून केलेले असल्याने साखर, जंतू किंवा जीवनसत्त्व यांपैकी मूळ दोषी कोण, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

उपचारांत सर्वांत प्रमुख ती बारीक, भरीव सुई. अनेकदा दोन सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो, त्याला विद्युत-सूचिवेध म्हणता येईल. धूम्रदाहात दवण्याच्या जातकुळीतील ‘सुक’ नावाच्या वनस्पतीची वाळवलेली पाने त्वचेवर किंवा त्वचेजवळ जाळून शेक देतात. ‘याकचिम’ या पद्धतीत वनस्पतींचा अर्क किंवा मधमाशीचे विरळ केलेले विष विशिष्ट बिंदूंवर टोचले जाते. काढ्यांपैकी बधिरतेसाठी परंपरेने वापरला जाणारा ‘ह्वांगी-ग्येजी-ओमुल-तांग’ हा पाच द्रव्यांचा असून त्यात आले, दालचिनीच्या डहाळ्या आणि बोराच्या जातीचे फळ यांचा समावेश होतो.

महाराष्ट्रात कोरियन उपचार पोचले ते मुख्यतः सुजोकच्या रूपाने. पार्क जे वू यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीत तळहात आणि तळपाय यांवर साऱ्या शरीराचा नकाशा मानला जातो आणि त्या बिंदूंवर दाब, सुया किंवा चिकटपट्टीने लावलेले मेथी-मुगाचे दाणे यांनी उपचार करतात. सुई मात्र भारतात त्याआधीच आली होती: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे सूचिवेध शिकून तो भारतात रुजवला. राज्याने २०१५ च्या कायद्याने अ‍ॅक्युपंक्चरला वैधानिक चौकट दिली आणि त्यासाठी परिषद नेमली, म्हणून सुई टोचून घेण्यापूर्वी उपचारक नोंदणीकृत आहे की नाही हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

या उपचारांनी काय साधते? सुईने शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. वेदनादायक मधुमेही चेताविकार असलेल्या १२६ रुग्णांवर कोरियात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांत सोळा वेळा विद्युत-सूचिवेध घेतलेल्यांच्या वेदना नेहमीच्या उपचारांवरच राहिलेल्यांपेक्षा अधिक उतरल्या. परंतु तुलनेच्या गटाला खोटी सुई दिलेली नसल्याने सुईचा गुण किती आणि अपेक्षेचा व आपुलकीच्या स्पर्शाचा किती, हे या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याने चेताजन्य वेदनांवरील सूचिवेधाच्या बाजूने वा विरोधात निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले होते. काढ्यांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. कोरियन परंपरेतही ज्ञात असलेला बचनागयुक्त योग जपानमध्ये ‘गोशाजिंकिगान’ या नावाने केमोथेरपीमुळे येणारी बधिरता टाळण्यासाठी देण्यात आला, तेव्हा ती चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात बधिरता कमी होण्याऐवजी अधिक आढळली. मधमाशीच्या विषाने काही जणांना प्राणघातक प्रतिक्रिया येऊ शकते. एकंदरीत, सुई हा वेदनेवरचा पूरक उतारा ठरू शकतो. मेलेला तंतू तिने जिवंत होतो, असे मानण्यास आज आधार नाही.

हिंगोलीच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका उष्णतेचा आहे आणि त्यासाठी कोरियन धूम्रदाहाकडेच बोट दाखवण्याचे कारण नाही. दुखऱ्या जागी तापलेल्या लोखंडाने डाग देणे, बिब्बा घालणे, गरम विटेने शेकणे हे उपाय आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ज्या पावलाला चटका कळत नाही, त्याला शेक देताना रुग्ण ‘पुरे’ म्हणत नाही. फोड येतो, तो चिघळतो आणि साखर वाढलेली असेल तर बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. हळद शिजवण्याच्या हंगामात वाफेच्या कढयांजवळ अनवाणी वावरणारे मजूर, औंढा नागनाथच्या देवळात उन्हाने तापलेल्या फरशीवरून चालणारे भाविक आणि काळ्या रानात काटा रुतला तरी काम न थांबवणारे शेतकरी यांना हा धोका रोजचाच आहे.

हळदीचा विषय निघालाच आहे, तर भौगोलिक मानांकन लाभलेल्या वसमतच्या हळदीचे सोयरे कोरियन औषधकोशातही आहेत. तेथे हळदीचा कंद ‘गांगह्वांग’ आणि या कुळातील मुळांच्या गाठी ‘उल्गुम’ म्हणून वेगवेगळ्या नोंदलेल्या असून जिंदो बेटावर तिची लागवड होते. हळदीतील कर्क्युमिन या घटकाने प्रयोगशाळेतील उंदरांच्या दुखावलेल्या तंतूंना लाभ झाल्याचे प्रयोग आहेत, पण हा घटक आतड्यातून फारच थोडा शोषला जातो, त्यामुळे वसमतच्या शेतकऱ्याने अभिमानाने पिकवलेल्या हळदीला चेताविकारावरचे औषध म्हणणे आज घाईचे होईल.

राहिला कुष्ठरोग. त्याचे जंतू तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींमध्येच घर करतात आणि शरीराच्या थंड भागांतील, म्हणजे कोपराजवळच्या, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या आणि घोट्यामागच्या नसा जाड व दुखऱ्या करतात. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, तरी नवे रुग्ण सापडणे थांबलेले नाही. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, परंतु नसेला नुकतीच आलेली सूज स्टिरॉइडने आटोक्यात आणायची असेल तर साधारण सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावे लागतात. हा अवधी सुया, दाणे, काढे किंवा डाग यांच्यात निघून गेला तर हाताची बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

म्हणून पाय झिणझिणत असतील, तर कोरियन असो वा गावठी, कोणताही उपचार घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासावी, ब-१२ ची चौकशी करावी आणि अंगावर संवेदना हरपलेला फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर तो न लपवता आशाताईंना दाखवावा. कुष्ठरोगाची औषधे तेथे मोफत मिळतात.